क्षमा कुणाच्या पैशाने?



क्षमेचे निरूपण करताना आमची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती. पण 2023 सालच्या आषाढी वारीत एका माउलीने आम्हांस असे अडविले की, तेव्हापासून तो शब्द उच्चारण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबतो.

प्रसंग लहानच. वाटेवरच्या एका बाजारगावी दिंडीच्या कोठीसाठी 50 किलो हरभऱ्याची डाळ तोलून घेतली. पुढच्या मुक्कामी यजमानाच्या काट्यावर सहज ठेवली, तो भरली 47. चोपदार संतापले, परत जाऊन जाब विचारतो म्हणाले. आम्ही म्हटले, "जाऊ द्या हो. वारीत तंटा नको. पांडुरंग पाहतो आहे." मंडळी गप्प झाली. चुलीपाशी बसलेली एक म्हातारी मात्र म्हणाली, "बुवा, क्षमा केलीत ती कुणाच्या पैशानं? भिशी तर आमी भरलीया!"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

येथे कोणी शंका घेईल की, वारकऱ्याने लोभ सोडावा, क्रोध सोडावा, सोसावे, हीच ना शिकवण? मग तीन किलो डाळीसाठी तक्रार करणे हा लोभच नव्हे काय?

याचे समाधान तुकोबारायांच्या चरित्रातच आहे. कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा आपण सारेच सांगतो. पण बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि केवळ आपला वाटा डोहात सोडला, हे सांगायला पुष्कळदा विसरतो. आपले सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याचे परस्पर सोडून देणे याला वैराग्य कसे म्हणावे?

आता पाहा, खोटा काटा आपल्या एकट्याला फसवीत नाही. आपल्यामागून येणारी विधवा, मजूर, पुढची दिंडी यांचीही डाळ तो खातो. म्हणून आपण गप्प बसलो म्हणजे त्यांचाही वाटा सोडून दिला. शिवाय दुकानदाराचेही भले होत नाही. आपल्या मौनाने त्याचे पाप तेवढे पोसते. पूर्वजांनीही हे ग्राहकाच्या नशिबावर सोडले नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे.

आजही सोय आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते, ते पाहावे. बंद पुड्यावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर एक पैसाही देऊ नये. पावती मागून घ्यावी. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागतोच असे नाही, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

मात्र मागण्याची रीत वारकऱ्याची असावी. आधी दुकानदारास बाजूला घेऊन, चारचौघांत मान न घालविता सांगावे. चूक नजरचुकीची असेल तर तो लगेच भरून देईल. नाहीच ऐकले, तर तक्रार करावी, पण शिवी देऊ नये. क्रोध टाकायचा आहे, न्याय नव्हे. आणि हाच काटा उलटाही धरावा. हिशेबात दुकानदाराकडून दहा रुपये जास्त आले, तर वाटेतून परत फिरून ते देऊन यावे. जो जास्तीचे परत करीत नाही, त्याने कमी भरल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आणि ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ व हातात तराजू, त्याने तर दोन्हीकडे पांडुरंगच बसला आहे असे समजून तोलावे.

त्या तीन किलोंचे पैसे आम्ही पदरचे घालून कोठीत भरले. म्हातारीने ते पाहिले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चोपदारांनी पावती मागितली. पावती होती कुठे? दुकानदार लिहू लागला तेव्हा, "राहू द्या हो, उशीर होतो," असे आम्हीच म्हटले होते. आमच्या मागची दिंडी त्याच बाजारातून कोठी भरून आली. तिची डाळ किती भरली, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

रामकृष्णहरि.