प्रामाणिक यंत्राचे द्यूत

द्यूत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शकुनीचे फासे येतात. फासे कपटाचे होते म्हणून ते द्यूत वाईट, अशी आपली सोपी समजूत असते. परंतु फासे अगदी खरे असते तर? हा प्रश्न आज कल्पनेतला राहिलेला नाही. सरकारने तपासून परवानगी दिलेली द्यूतयंत्रे जगात ठिकठिकाणी चालतात. त्यांना स्लॉट मशीन म्हणतात. आधी त्यांचे अंतरंग पाहू, मग दोषाचा विचार करू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे नावाच्या कारागिराने तीन चाकांचे यंत्र केले. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा, आणि चित्रे जुळली तर पैसे घ्यायचे. प्रत्येक चाकावर दहा चित्रे धरली तर एकूण हजार जुळण्या होतात. एवढे तरी मोजता येत होते. आताच्या यंत्रात संगणक सतत आकडे काढीत असतो. बटण दाबले त्या क्षणी निकाल ठरतो. चाके नंतर तो दाखवण्यापुरती फिरतात. १९८४ साली इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत मिळालेल्या पेटंटात मोठ्या बक्षिसाच्या चित्राला थोडे आकडे आणि इतर जागांना पुष्कळ आकडे देण्याची युक्ती आहे. डोळ्याला सगळी चित्रे सारखी दिसतात, त्यांचे येणे मात्र सारखे नसते. बक्षिसाचे चित्र रेघेच्या बोटभर वर थांबते आणि माणूस हळहळतो, ‘थोडक्यात हुकले!’ वास्तविक निकाल केव्हाच लागलेला असतो.

आता नियम पाहा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. तिथे यंत्राची रचनाच अशी असावी लागते, की लावलेल्या पैशांपैकी शेकडा ७५ तरी हिशेबाने परत जावेत. न्यू जर्सी राज्यात हे प्रमाण ८३ आहे. प्रत्येक डावात प्रत्येक जुळणी शक्य असली पाहिजे, आणि आजवर किती दिले हे पाहून यंत्राने आपले देणे बदलता कामा नये. म्हणून ‘बराच वेळ दिले नाही, आता देईल’ हा तर्कही फुकट आहे.

शेकडा ९० देणारे यंत्र धरा. शंभर रुपये लावले, सरासरीने नव्वद आले. खेळणारा ते खिशात घालीत नाही, पुन्हा लावतो. मग ८१ राहतात, मग सुमारे ७३. अशा दहा फेऱ्यांत शंभराचे ३५ उरतात. दहा रुपयांचा डाव मिनिटाला दहा वेळा खेळला तर तासाला सहा हजार रुपये फिरतात आणि त्यातले सहाशे मालकाकडे राहतात. यात कोणी कपट केलेले नाही. नियम पाळूनच हे घडते.

येथे पूर्वपक्ष असा येतो: यंत्र खरे, प्रमाण ठरलेले, खेळणारा सज्ञान आणि राजी, मग दोष कुणाचा?

याचे उत्तर कौरवसभेत आहे. क्षणभर शकुनीचे कपट बाजूला ठेवू. फासे खरे होते असे समजू. मग धर्मराजाने भावांना आणि द्रौपदीला पणाला लावले ते योग्य ठरते काय? कुणाचेही मन ‘हो’ म्हणणार नाही. म्हणजे कपट हा वरचा दोष होता, मूळ दोष पण लावण्यात होता. द्रौपदीने सभेला हेच विचारले, की जो आधी स्वतःला हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणता? भीष्मांनाही त्याचे उत्तर सापडेना. यंत्राचा नियम मालक आणि खेळणारा असे दोनच पक्ष मोजतो. घरी वाट पाहणारी बायको, मुलाची फी, आईचे औषध यांची संमती कुणी घेतली? तो तिसरा पक्ष कोणत्याच तपासणीत येत नाही.

नळराजाची कथा येथे उपयोगी पडते. द्यूतात राज्य गमावून तो बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. विदर्भाकडे जाताना ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगितली, ती खरी निघाली. ती अक्षविद्या नळाला मिळाली आणि त्याच्या देहात बसलेला कली बाहेर पडला. हिशेब कळला आणि कली गेला, एवढे आपण घ्यावे. मात्र पुढे नळ त्याच विद्येने पुष्कराकडून राज्य जिंकला, हा भाग यंत्रापुढे लागू होत नाही. येथे अक्षविद्या आधीच मालकाच्या बाजूने यंत्रात बसवलेली आहे. खेळणाऱ्याला ती कळली तरी जिंकता येत नाही. उठून जाता येते, एवढेच.

हे फार दूरचे नाही. गोव्याने १९९२ साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे चालवण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोचा कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. सरकारचे काम सरकारने केले. भागवतात परीक्षितीने कलीला राहायला ज्या जागा दिल्या, त्यांत पहिली द्यूताची आहे. तेव्हा घरातला तरुण ‘यंत्र सरकारमान्य आहे’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. कागद-पेन्सिल घ्या, शंभराचे पस्तीस कसे होतात ते त्याच्याकडूनच मांडून घ्या, आणि मग विचारा, ‘बाळा, हे शंभर कुणाकुणाचे होते?’