न दिसणाऱ्या धाग्याचे इमान

सुरतेची कीर्ती धाग्यावर उभी आहे. किनखाब, तनछोई आणि जर हे या नगरीचे जुने वैभव. आजही उधना-लिंबायत भागांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो आणि त्या मागांपाशी खानदेशातून पोटासाठी आलेली आपली मराठी माणसेही उभी असतात. याच सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी हजिरा येथे, कार्बन धाग्याचा प्रचंड कारखाना उभारण्याची घोषणा रिलायन्स उद्योगसमूहाने २०२२ साली केली आणि २०२४ च्या आरंभी तिचा पुनरुच्चार केला.

हा धागा मात्र वस्त्राचा नव्हे. ॲक्रिलिकच्या जातीचा तंतू प्रथम दोन-तीनशे अंश उष्णतेत भाजतात. मग प्राणवायूविरहित भट्टीत हजार अंशांच्या पलीकडे तापवितात. शेवटी उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक असा हा तंतू वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असतो. अशा हजारो तंतूंच्या, राळेत भिजविलेल्या पट्ट्या प्रत्येक थरागणिक दिशा बदलून साच्यावर बसवितात आणि दाब व उष्णता देऊन एकजीव करतात. बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचे सुमारे निम्मे वजन अशा संमिश्र पदार्थाचे आहे, आपल्या ‘तेजस’मध्येही त्याचा मोठा वाटा आहे, गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतही विमानांचे असे भाग घडविले जातात. पूर्वी हे थर हातांनीच बसवीत. आता मोठ्या भागांचे काम यंत्राचा बाहू करतो : पट्टी ठेवतो, दाबतो आणि कापतो.

कापडातला तुटका धागा गिऱ्हाइकाला दिसतो. या थरांतला दोष मात्र पोटात राहतो. आत अडकलेली हवा किंवा काढावयाचा राहून गेलेला आवरणाचा तुकडा वरून दिसत नाही. तो शोधण्यास ध्वनिलहरींची परीक्षा लागते. ज्या कामावर प्रवासी आपला जीव सोपवितो, ते काम त्याला कधीच पाहता येत नाही. मग प्रश्न असा की, धागा हातातून सुटल्यावर त्या धाग्याविषयीचे इमान कोणाकडे राहते?

एक पक्ष म्हणेल, यंत्राकडे. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, त्याचा कोन चुकत नाही. यात तथ्य आहे, आणि हस्तकौशल्याचे गोडवे गाऊन ते नाकारणे हा भाबडेपणा होईल. दुसरा पक्ष म्हणेल, हात गेला तेथे इमानही गेले. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. यंत्र अचूक असेल. पण त्याला प्रामाणिक म्हणता येत नाही, कारण मोहाला बळी पडण्याची शक्यताच त्याला नाही. तो मोह माणसाला होतो, आणि यंत्राचे काम जेथे संपते तेथेच होतो.

७८७ च्या धडाचे भाग यंत्रानेच गुंडाळलेले असतात. तरीही २०२१-२२ मध्ये त्या विमानांचा पुरवठा वर्षभराहून अधिक काळ बहुतांशी थांबला होता. धडाच्या भागांच्या सांध्यांत मर्यादेबाहेरच्या, कागदाच्या जाडीएवढ्या फटी आढळल्या होत्या, हे त्यामागील एक कारण. पुढे २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच अमेरिकन विमानवाहतूक प्रशासनाला कळविले की, पंख व धड यांच्या जोडावरील काही तपासण्या झाल्याच नसाव्यात. त्या झाल्याची खोटी नोंद कोणी केली काय, याची चौकशी प्रशासनाने सुरू केली. म्हणजे संशय आला तो पट्टी ठेवणाऱ्या बाहूवर नव्हे, वहीत लिहिणाऱ्या हातावर. राळेत भिजलेला माल शीतगृहात ठेवतात आणि बाहेर काढल्यावर त्याचे तास मोजतात. ते तास कोणी कमी मांडले, तर यंत्र तोच माल तितक्याच अचूकपणे बसवील.

तेव्हा इमान नष्ट होत नाही. ते नोंदीत, सांध्यात आणि ‘थांबा’ म्हणण्यात जाऊन बसते. परंतु एवढे म्हणून कामगाराला उपदेश करावा, हेही न्याय्य नव्हे. येथे मला सुरतेचा यंत्रमागवाला आठवतो. ज्याला विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते, त्याने दोष पाहून माग थांबविला तर तोटा त्याच्याच पदरी पडतो. प्रामाणिकपणाची किंमत ज्याच्या ताटातून कापली जाते, त्याच्याकडे तो मागण्याचा अधिकार मालकाला किती, आणि स्वस्त कापडासाठी हटून बसणाऱ्या आपल्याला तरी किती?

उद्या लिंबायतचा एखादा तरुण अशा यंत्रासमोर उभा राहील. पडद्यावरची संशयास्पद रेघ पाहून तो कळ दाबील आणि सारे काम थांबेल. पुढे तपासात दोष निघणारही नाही. त्या दिवशी त्याची मजुरी शाबूत राहिली व कोणी त्याला दरडावले नाही, तरच दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कळ दाबील. आकाशात निर्धास्त झोपणाऱ्या प्रवाशाचा भरवसा अखेर त्या दुसऱ्या दिवसावर आहे; आणि तो दिवस त्या तरुणाला मिळवून देणे, हे एकट्या त्याचे कर्तव्य नव्हे.