काढलेला फोटो कोणाचा?

मराठीत आपण फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढावे, शेतातून पीक काढावे, तसा समोरच्या माणसाचा चेहरा आपण काढून घेतो. मग जे काढून घेतले, त्याबद्दल आपण त्याचे काही देणे लागतो की नाही?

छायाचित्रणाचा छंद मला बालपणी काकांकडून लागला. त्यांच्याजवळ अगफाचा 'क्लिक थ्री' कॅमेरा होता. एका रोळात बाराच चित्रे निघत, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी काका पुष्कळ विचार करीत. कोणाचा बाप्तिस्मा असो वा लग्न, त्यांचा एक नियम ठरलेला असे: ज्याचा चेहरा, त्याला पहिली प्रत. रोळ धुऊन आला की ते सायकलवरून घरोघर प्रती पोचवून येत आणि उरलेली प्रत मग आपल्या आल्बममध्ये चिकटवीत. हा पैशांचा अपव्यय आहे, असे मला तेव्हा वाटे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच त्यांची कबर झाले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

त्या वेळी मी सेमिनरीत शिकत होतो. मदतपथकाबरोबर तिकडे गेलो, तेव्हा गळ्यात कॅमेरा होता. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या एका बाईचा मी फोटो काढला. तिने मान वर करून विचारले, "दादा, तुमच्याजवळ माझ्या लेकीचा फोटू हाय का वो?"

मला उत्तर सुचेना. घराबरोबर तिच्या लेकीचा चेहराही मातीत गेला होता. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याच्यापाशी तो कदाचित असेल, एवढीच तिची आशा. मी मान हलवली आणि पुढे निघालो. तिचे नावसुद्धा मी विचारले नाही. पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. काही वर्षांनी मी तिच्या फोटोची प्रत घेऊन गेलो. पण नाव ठाऊक नसलेल्या माणसाचा पत्ता कोण सांगणार?

त्याच वर्षी मार्च महिन्यात सुदानच्या दुष्काळात केव्हिन कार्टर या छायाचित्रकाराने कोसळलेले एक मूल आणि त्याच्या मागे बसलेले गिधाड टिपले. त्या चित्राला १९९४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याने गिधाडाला हुसकावले होते, तरी जगभरच्या वाचकांनी एकच प्रश्न केला: त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याच वर्षी जुलैत कार्टरने आपले जीवन संपवले. त्याचा न्याय करणारे आपण कोण? त्या चित्रामुळे दूरदूरच्या लोकांना दुष्काळ दिसला. किल्लारीची चित्रे वर्तमानपत्रांत आली, म्हणून मदतीचे हात धावले, हेही खरेच. तेव्हा दुःखाचे चित्र काढणे हे पाप नव्हे. परंतु चित्र जगाला मिळाले आणि ज्याचे दुःख होते तो मात्र रिकाम्या हाती राहिला, तर हिशेब पुरा झाला असे कसे म्हणावे?

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते वाहून गेली, तेव्हा प्रत्येक हातात कॅमेरा होता. बारा चित्रांची मर्यादा आता उरलेली नाही. त्याबरोबर बटण दाबण्यापूर्वीचा विचारही गेला. मदतीचे पाकीट देताना घेणाऱ्याची मान खाली असते आणि मोबाईल वर असतो. त्या माणसाला आपण विचारले का, की तुमचा फोटो काढू का?

आमच्या धर्मग्रामातील तरुण हौसेने फोटो काढतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो: आधी नाव विचारा, आणि प्रत पोचवा. काकांची सायकल मला आता कळते.

किल्लारीची ती निगेटिव्ह अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या बाईने मागितलेला चेहरा मी तिला देऊ शकलो नसतो. तिचे नाव विचारणे मात्र माझ्या हाती होते.