सणाच्या आदल्या दिवशीचा फोटो

बतुकम्मा या तेलंगणच्या फुलांच्या सणाचे दिवस आले की हैदराबादच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एकाच साच्यातला फोटो दिसतो: मधोमध फुलांचा उभा रचलेला डोलारा, भोवती रेशमी साड्यांतल्या बायकांचा फेर. फोटो खोटा नसतो, देखणाही असतो. पण गेल्या वर्षीचा यंदा छापला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. आता तर फेरातल्या प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे, तेव्हा त्या क्षणासाठी छायापत्रकार हवाच कशाला? समाजजीवनाची नोंद ठेवणाऱ्याचे काम सणाच्या आदल्या दिवशी असते, असे मला वाटते.

या सणाची मुख्य फुले म्हणजे तंगेडू आणि गुनुगू, आपल्याकडचे तरवड आणि कुरडू. दोन्ही बागेतली नव्हेत. तरवड माळावर आपसूक वाढतो, कुरडू शेतात तण म्हणून उगवते. जी कुणी लावत नव्हते, विकत नव्हते, अशा फुलांवर नऊ दिवसांचा सण उभा राहिला, कारण गावाला माळ होता आणि शेवटी फुले सोडायला तळे होते. हैदराबाद चहूबाजूंनी पसरले, माळावर प्लॉट पडले, आणि ती फुले गुडीमल्कापूरच्या फूलबाजारात पैसे मोजून घ्यायची वेळ आली. कुरडूचे पांढरे तुरे रंगात बुडवून वाळत घातलेले असतात. ते कोण तोडते, कोण रंगवते, कोण घासाघीस करून घेते, हे सारे आदल्या दिवशी बाजारात काढलेल्या एका फोटोत मावते. जमीन, पाणी आणि मजुरी यांचा हिशेब फेराच्या फोटोत मात्र सापडत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत सगळे सजलेले असते.

या शहराला छायाचित्रांची परंपरा नवी नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (मृत्यू 1905) यांनी महाल, मेजवान्या, शिकारी टिपल्या. कसब अव्वल दर्जाचे, पण पैसे दरबाराचे, म्हणून नजरही बरीचशी दरबाराची. शिकारीच्या अशा फोटोंखाली सहसा पाहुण्यांची नावे असतात. रान उठवणारे हाकारे बिननावाचे राहतात. मूळचे वरंगलचे भरत भूषण, जानेवारी 2022 मध्ये निवर्तलेले, हे याच शहरातले दुसरे टोक. वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करता करता त्यांनी बतुकम्मा, गावाकडची घरे आणि कष्टकरी माणसे टिपली, तेही तेलंगण राज्याचा कुठे पत्ता नव्हता तेव्हापासून.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. असे फोटो गरिबीला देखणे करतात, बदलत्या समाजाला जुन्या वेशात अडकवून ठेवतात, आणि पुढे राजकारणाच्या कामी येतात. वेगळ्या तेलंगण राज्याच्या चळवळीत बतुकम्मा अस्मितेची खूण झाली, 2014 मध्ये राज्य झाल्यावर तिला राज्यउत्सवाचा मान मिळाला. त्यात चित्रांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? पण म्हणून कॅमेरा खाली ठेवला तर उरतात ती फक्त सरकारी पोस्टर्स. पोस्टरवर गाव नसते, साल नसते, माणसाचे नाव तर नसतेच. फोटोखाली या तिन्ही गोष्टी असल्या तर तो फोटो पोस्टरच्या विरोधात साक्ष देऊ शकतो. दुसरा आक्षेप पैशांचा: बातमी नसलेल्या फोटोला वर्तमानपत्र का पोसेल? पोसणार नाही, हे मान्यच करावे. म्हणून तर हे काम नोकरीच्या कडेकडेने होते आणि छायाचित्रकाराच्या मागे घरच्या कपाटात पडून राहते. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या म्हणून निदान त्या तरी सांभाळल्या गेल्या. दरबारी संग्रहासाठी जे झाले, ते माळावरच्या फुलांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हैदराबादच्या एखाद्या विद्यापीठाने करायला हरकत काय?