सुईचा पैरा

नेसरी म्हटलं की १६७४ साली तिथे धारातीर्थी पडलेले सरसेनापती प्रतापराव गुजर आठवतात. मला तिथली वाकळ, म्हणजे गोधडीही तितकीच मोलाची वाटते. पावसाळ्याआधी जुनी लुगडी धुऊन सोप्यात एकावर एक अंथरायची आणि चौघी मैत्रिणींनी चार कडांना बसायचं. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा जरा लांब. तो कुणी उसवत नाही. वाकळ पांघरताना बोट फिरवलं की कळतं, ही ओळ कुणाची. शेतात पैरा असतो ना, तसाच हा: आज तुझी वाकळ, उद्या माझी. बोलता बोलता मनातलं दुखणंही बाहेर येतं. विणकामाच्या सुया घेऊन एकत्र बसलं तरी तसंच होतं. तुमच्या कपाटात अर्धवट स्वेटर असेल, तर आज दुपारी तो घेऊन मैत्रिणीकडे जा.