बोटांची साक्ष

२०१० साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रंप या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग तसा साधा, पण जरा खोडसाळ होता. सराईत टायपिस्टना संगणकावर शब्द टाइप करायला दिले. मधूनमधून संगणक गुपचूप दोन उद्योग करायचा. टायपिस्ट चुकला, तर कधीकधी पडद्यावर बरोबर शब्द दाखवायचा. आणि टायपिस्टनं बरोबर टाइप केलं असलं, तरी कधीकधी पडद्यावर स्वतःच एक चूक घुसडायचा. मग टायपिस्टना विचारलं जायचं, की तुम्ही चुकलात का?

टायपिस्टनी पडद्यावर विश्वास ठेवला. संगणकानं सुधारलेल्या चुकांचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि संगणकानं घुसडलेल्या चुकांचा दोषही स्वतःच्याच माथी मारून घेतला. बोटं मात्र फसली नाहीत. खरोखरची चूक झाली, की बोटांचा वेग किंचित मंदावायचा, मग पडद्यावर काहीही दिसो. घुसडलेल्या चुकीनंतर मात्र तो मंदावत नव्हता. म्हणजे तोंड एक सांगत होतं आणि हात दुसरं, आणि खरं हात सांगत होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास माझी बोटं की-बोर्डवर असतात, आणि मी जे टाइप करते त्यातलं बरंचसं आता कुणीतरी वाटेत दुरुस्त करत असतं. फोनवर ऑटोकरेक्ट, एडिटरमध्ये लाल रेघ, आणि आता एक टॅब दाबला की अख्खं फंक्शन लिहून देणारा एआय सहायक. त्यामुळे हा प्रयोग मला प्रयोगशाळेतला वाटतच नाही. आपण सगळे रोज त्यातच बसलेलो असतो. प्रश्न असा आहे: माझी चूक मला न कळवता दुसऱ्यानं दुरुस्त केली, तर समोर जे बरोबर उमटलं, ते 'मी लिहिलं' असं मी म्हणू शकते का? आणि म्हणत राहिले, तर माझं काही बिघडतं का?

उत्तर शोधण्याआधी बोटांना नेमकं काय माहीत असतं, ते बघू. की-बोर्डकडे न बघता टाइप करणाऱ्या कुणालाही विचारा, 'एम'च्या डावीकडे कुठलं अक्षर आहे? बहुतेक जण हवेत बोटं हलवून बघतील. व्हँडरबिल्टमधल्याच २०१४च्या एका अभ्यासात शंभर जणांना कोरा की-बोर्ड देऊन अक्षरं भरायला सांगितली होती. ही माणसं मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणारी होती. त्यांना सरासरी पंधराच अक्षरं बरोबर जागी भरता आली. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँटी यानं १९४५ साली टायपिंगचंच उदाहरण देऊन हे सांगितलं होतं, की अक्षरं कुठे आहेत हे सांगता न येताही माणसाला टाइप करता येतं, कारण हे ज्ञान हातात असतं. आपल्याकडे याला फार सोपा शब्द आहे: हात बसणं. पोळीवर हात बसतो, तबल्यावर बसतो, तसाच की-बोर्डवर बसतो.

हात कसा बसतो, ते मी गेली दोन वर्षं जवळून बघतेय, कारण इंग्रजी टायपिंग येत असताना मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकायला घेतलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. 'एफ' आणि 'जे' या बटणांवर बोटांना लागणारे बारीक उंचवटे असतात ना, तिथे तर्जन्या ठेवायच्या. मग डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्या तर्जनीखाली 'र'. 'रोप' लिहायचं, तर उजवा, डावा, उजवा. आपण उच्चारतो त्याच क्रमानं बोटं चालतात, आणि ही लय एकदा सापडली की मजा येते.

पण सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष वेगाकडेच असतं. हा वेगाचा सोसही जुना आहे. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटीत फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्राउब यांच्यात टायपिंगची जाहीर स्पर्धा झाली. मॅकगरिन बटणांकडे न बघता टाइप करायचा, आणि तो जिंकला. तेव्हापासून न बघता टाइप करणं म्हणजे वेग, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालं. आजही टायपिंगच्या साइटवर गेलात, तर सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसतो तो वेगच.

हिशेब करून बघा. पाच ठोके म्हणजे एक शब्द, असं मोजमाप धरतात. मिनिटाला ६० शब्द म्हणजे ३०० ठोके, सेकंदाला पाच. एक ठोका चुकला आणि लगेच लक्षात आला, तरी चुकीचं बटण, बॅकस्पेस आणि बरोबर बटण असे एकाच्या जागी तीन ठोके लागतात. शंभरात सहा चुका असतील, तर शंभर अक्षरांना ११२ ठोके. शिवाय दर चुकीला बसणारा अडखळा वेगळाच. म्हणून शिकवणारे सांगतात, की आधी हळू, पण बिनचूक. वेग मागून येतो. बोटं जे वारंवार करतात तेच शिकतात. चुकीची उडी शंभरदा मारली, तर ती उडीच पक्की होते. मी रोज वीस मिनिटं सराव करते, इतक्या सावकाश की फोनवर टाइप करणारा कुणीही मला मागे टाकेल. चुकलेलं अक्षर पुसून पुढे पळायचं नाही, अख्खा शब्द पुन्हा लिहायचा, एवढा एकच नियम.

या सरावात मला जाणवलं, की मी शिकतेय ती अक्षरांच्या जागांपेक्षा निराळी गोष्ट आहे. चूक पडद्यावर दिसण्याआधी बोटाला लागते. पायरी नसताना पाय टाकला की कसं होतं, तसं. लोगन आणि क्रंप यांनी मोजलेला मंदावलेला वेग तो हाच असावा. टायपिंग सुधारणं म्हणजे मुख्यतः ही जाणीव तल्लख करणं आहे, असं मला आता वाटतं.

माझी मावशी न्यायालयात टंकलेखक होती. सगळी हयात मॅन्युअल टाइपरायटरवर गेली. मशीनवर कागद चढवायचा, मागे तीन कार्बन, आणि ओळ संपत आली की घंटी. तिथे चूक पुसणं म्हणजे चारही प्रतींवर खाडाखोड, आणि खाडाखोडीवर सही. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तुझा वेग किती होता गं?"

"पुष्कळ होता," ती म्हणाली. "पण वेग कोण विचारतंय? 'मंजूर'चं 'नामंजूर' झालं, तर माणूस आत जातो. हे डोक्यात ठेवूनच मशीनवर बसायचं."

इंग्रजी पत्रव्यवहारात एक जुनी पद्धत होती. पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठ्या लिपीत आणि त्याच्यापुढे टाइप करणाऱ्याची छोट्या लिपीत असायची. म्हणजे शब्द साहेबांचे, पण हे शब्द असेच कागदावर उतरले याची हमी टायपिस्टची. पगारानं आणि हुद्द्यानं लहान असलेल्या माणसाला ती दोन छोटी अक्षरं एक जबाबदारी देत होती, आणि जबाबदारीबरोबर येणारा मानही. हाताखालून निघालेल्या मजकुरावर आज अशी अक्षरं कुठे असतात?

यावर माझ्या टीममधल्या एका मित्राचं म्हणणं असं, की तू उगाच भावुक होतेयस. "मेसेज बरोबर पोचला, कोड चालला, संपला विषय. चूक ऑटोकरेक्टनं काढली की तुझ्या बोटांनी, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?"

त्याच्या म्हणण्यात दम आहे. २०१९ साली ३७ हजारांहून जास्त लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासणारा एक मोठा अभ्यास झाला, त्यात ऑटोकरेक्ट वापरणाऱ्यांचा वेग खरोखरच जास्त दिसला. शिवाय दहा बोटांची शिस्त हेच काही एकमेव शास्त्र नाही. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांना कमी बोटं वापरून स्वतःच शिकलेली माणसंही तितकीच जलद सापडली. फक्त ती ठरावीक अक्षराला ठरावीक बोटच वापरत होती आणि हात फारसे हलवत नव्हती. आणि ज्याचं मनगट दुखतं, ज्याला दिसत नाही, जो बोलूनच लिहितो, त्याच्यासाठी ही साधनं म्हणजे उपकार आहेत. हात बसलेला माणूस नैतिकदृष्ट्या इतरांपेक्षा वरचा, असं मी म्हणणार नाही. वाईट माणसंही उत्तम टाइप करतात.

पण माझ्या मित्राच्या युक्तिवादात एक गृहीतक लपलंय, की पडदा स्वच्छ असला म्हणजे मजकूर बरोबर आहे. ऑटोकरेक्टला शब्द माहीत असतात आणि फार तर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधता येतो. मला काय म्हणायचं होतं, ते त्याला माहीत नसतं. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही त्याच्या लेखी शुद्ध आहेत. 'मंजूर' आणि 'नामंजूर' तर दोन्ही निर्दोष आहेत. कोडमध्ये 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा समान' यांत एका चिन्हाचा फरक असतो. दोन्ही चालतात, कुठेच लाल रेघ येत नाही, आणि कुणाच्या तरी खात्यातला शेवटचा व्यवहार मोजायचा राहून जातो. चुकीचा शब्द यंत्राला सापडतो. पण मला हवा होता त्याहून वेगळा शब्द उमटला, हे फक्त मला सापडू शकतं, कारण मला काय हवं होतं याचा दुसरा साक्षीदार जगात नाही.

म्हणून मला श्रेयाचा प्रश्न नुसत्या प्रामाणिकपणाचा वाटत नाही. 'मी लिहिलं' म्हणताना थोडं जास्त श्रेय घेतलं, तर जगाचं फार नुकसान होत नाही. नुकसान माझं होतं. न केलेल्या दुरुस्तीचं श्रेय रोज घेत राहिलं, की आपण चुकतच नाही अशी समजूत होते. मग बोटाला अडखळल्यासारखं झालं, तरी आपण पडद्याकडे बघतो, तिथे सगळं आलबेल दिसतं आणि आपण पुढे जातो. साक्षीदार दरवेळी खरं सांगतो आणि दरवेळी त्याला गप्प बसवलं जातं. टायपिंगच्या प्रयोगात तरी बोटं मंदावायची. मी टॅब दाबून वीस ओळी स्वीकारते, तेव्हा बोटांनी त्या ओळी लिहिलेल्याच नसतात. मंदावायला तिथे कुणी नसतंच. अशा ओळींना साक्षीदार हवा असेल, तर तो मला मुद्दाम, वाचून, तयार करावा लागतो.

मी साधनं सोडलेली नाहीत. सोडली, तर नोकरी सोडावी लागेल. पण दिवसातली वीस मिनिटं ऑटोकरेक्ट आणि सहायक बंद असतात. त्या वेळात वेग वाढला तर बरंच आहे, पण मी तो मोजत नाही. मी किती वेळा अडखळले आणि ते पडद्यावर दिसण्याआधी मला कळलं का, ते मोजते. आणि सहायकानं सुचवलेला कोड स्वीकारला, तर कमिटच्या नोंदीत तसं लिहिते. टीममध्ये सुरुवातीला हसले. आता दोघं-तिघं तसं लिहायला लागलेत, कारण काही बिघडलं की कुठे नीट बघायचं ते त्यावरून कळतं.

माझा मावसभाऊ सध्या लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करतोय. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द, अशी अट आहे. त्याचं मराठी आजवर फोनवर, रोमन अक्षरांतून आणि सुचवलेल्या शब्दांतून झालेलं. परीक्षेत तिथलं काहीच नसणार. तो वैतागून म्हणाला, "ताई, ज्या जगात सगळं आपोआप दुरुस्त होतं, तिथे हे शिकवून काय फायदा?"

नोकरी हा फायदा त्याला ठाऊकच होता, म्हणून मी दुसरं सांगितलं. उद्या तू ज्या टेबलावर बसशील, तिथे कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं नाव, कुणाच्या तरी दाखल्यावरची तारीख तुझ्या बोटांखालून जाईल. नाव चुकलं, तर कुठलंच यंत्र लाल रेघ मारणार नाही, कारण चुकलेलं नावही कुणाचं तरी नाव असतं. त्या क्षणी बोट अडखळलं पाहिजे, आणि अडखळलं तर तू थांबलं पाहिजेस.

तो काही बोलला नाही. दोन्ही तर्जन्या उंचवट्यांवर ठेवल्या आणि सरावाचा उतारा पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला, जरा हळू.