मिड सफोकचा कौल

इंग्लंडमधल्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या 34 जागांसाठी 4 मे 2023 रोजी मतदान झाले आणि त्यातल्या 24 जागा ग्रीन पक्षाने जिंकल्या. हुजूर पक्षाच्या हाती 6 जागा राहिल्या, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 4 मिळाल्या आणि मजूर पक्षाला भोपळाही फोडता आला नाही. एखाद्या कौन्सिलमध्ये ग्रीन पक्षाला निर्विवाद बहुमत मिळण्याची ब्रिटनमधली ही पहिलीच वेळ. तेही कुठे, तर विद्यापीठ नसलेल्या, शेतीवाडीच्या मुलखात. स्टोमार्केट, नीडम मार्केट आणि आय ही तीन लहान शहरे, बाकी सारी खेडी. लोकसंख्या लाखाच्या जरा वर. 2016 च्या सार्वमतात इथल्या बहुसंख्य मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. पर्यावरणवादी पक्षाचा मतदार म्हणून जे चित्र रंगवले जाते, त्यात हा मुलूख कुठेच बसत नाही.

त्याच दिवशी त्या चित्रात अगदी चपखल बसणाऱ्या ब्रायटनमध्ये उलटे घडले. 2020 पासून तिथे बहुमताशिवाय कारभार करणारा ग्रीन पक्ष 54 पैकी 7 जागांवर आला आणि मजूर पक्षाने 38 जागा घेतल्या. ब्रायटनमध्ये कचरा, रस्ते आणि कर्ज यांचा जाब ग्रीन पक्षालाच द्यावा लागत होता; मिड सफोकमध्ये तोच पक्ष विरोधात होता. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्या दिवसाचा निकाल पंतप्रधान सुनक यांच्यावरचा कौल म्हणून वाचला. ते चूक नव्हते. 230 कौन्सिलांच्या निवडणुकांत हुजूर पक्षाने हजाराहून अधिक जागा गमावल्या. पण हुजूर पक्षावरचा राग देशभर असला, तरी त्या रागाचा लाभ कोणाच्या पदरात पडेल हे गावोगाव वेगळे ठरते. जिथे जो पक्ष आधीपासून दारोदार फिरत असतो, तिथे त्यालाच तो मिळतो.

मिड सफोकमध्ये ही फिरती बरीच जुनी होती. 2015 मध्ये 40 जणांच्या सभागृहात ग्रीन पक्षाचे 5 सदस्य होते. प्रभागरचना बदलून जागा 34 झाल्या आणि 2019 मध्ये त्यांचे 12 जण निवडून आले. हुजूर पक्षाचे बहुमत तेव्हाच गेले. म्हणजे 2023 ची लाट वाटली तरी ती आठ वर्षांच्या चढणीची शेवटची पायरी होती. इंग्लंडमधल्या प्रभागात मतदार दोन-पाच हजारांच्या घरात असतात, त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा मतदानाला येतो आणि कौन्सिलच्या उमेदवाराला अनामत रक्कमही भरावी लागत नाही. अशा ठिकाणी शे-दीडशे मतांनी निकाल फिरतो. खड्डा, बंद पडलेली बस, ओढ्यात सोडलेले सांडपाणी यांवरची पत्रके निवडणूक नसतानाही वर्षानुवर्षे दाराच्या फटीतून आत सरकवणारा उमेदवार मतदाराच्या ओळखीचा होतो. तो कोणत्या पक्षाचा, हे पुष्कळदा नंतर आठवते.

त्याला जोड मिळाली घरबांधणीच्या वादाची. प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने पुढील पाच वर्षे पुरेल इतकी घरांची जमीन दाखवावी, अशी अट 2012 च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात होती. अशी जमीन दाखवता आली नाही, तर गावाच्या शिवेवरच्या शेतात वसाहत उभारू पाहणाऱ्या बिल्डरचा अर्ज फेटाळणे कौन्सिलला जड जाते. फेटाळलाच, तर बिल्डर केंद्राच्या निरीक्षकांकडे अपील करतो. थर्स्टन, एल्म्सवेल, वूलपिट या खेड्यांभोवती घरे वाढली. शाळा, दवाखाने आणि गटारे त्या वेगाने वाढली नाहीत. नियम लंडनचे, पण परवानगीच्या कागदावर नाव कौन्सिलचे. रोषही अर्थात तिच्याच वाट्याला.

मतदानाची पद्धत जुनीच. सकाळी सात ते रात्री दहा, गावच्या सभागृहात, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कागदावर फुली. प्रभागातून दोन सदस्य निवडायचे असतील तर दोन फुल्या. 2023 मध्ये एक गोष्ट नवी होती: छायाचित्र असलेले ओळखपत्र प्रथमच सक्तीचे झाले. ज्येष्ठांचा बस पास त्यासाठी चालत होता, तरुणांचा रेल्वे सवलतीचा पास चालत नव्हता. यावरून वाद झाला आणि तो रास्तही होता. मोजणीच्या वेळी आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या नोंदीशी ताडून पाहतात, मग मते वेगळी करतात. समसमान मते पडली तर चिठ्ठ्या टाकतात. 2017 मध्ये नॉर्थम्बरलंडच्या साउथ ब्लाइथ प्रभागात लांब-आखूड काड्या ओढून निकाल लागला. हुजूर पक्षाचा उमेदवार हरला आणि 67 जणांच्या सभागृहात त्या पक्षाचे 33 च झाले. बहुमत एका काडीने हुकले.

सर्वाधिक मते घेणारा विजयी, हा नियम मतांतली आघाडी जागांमध्ये फुगवून दाखवतो. या नियमामुळे वर्षानुवर्षे नुकसान सोसणाऱ्या आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी करणाऱ्या ग्रीन पक्षाला मिड सफोकमध्ये त्याच नियमाने हात दिला.

हाती आलेली सत्ता मात्र बेताची. शाळा, रस्ते, वृद्धांची काळजी, ग्रंथालये ही कामे सफोक काउंटी कौन्सिलची. डिस्ट्रिक्टकडे बांधकाम परवाने, घरकुले, कचरा उचलणे, अन्नस्वच्छता तपासणी आणि कौन्सिल टॅक्सची वसुली. वसुली पूर्ण बिलाची, स्वतःचा वाटा त्यातला सुमारे दहावा. सार्वमत न घेता हा वाटा वर्षाला 3 टक्के किंवा 5 पौंड, यांतले जे जास्त असेल तेवढाच वाढवता येतो. 2017 पासून तर मिड सफोकचा अधिकारीवर्ग शेजारच्या बेबर्ग डिस्ट्रिक्टसोबत इप्सविचमधल्या एकाच इमारतीत बसतो, आणि इप्सविच या दोन्ही डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर आहे.

खरी कसोटी विजेच्या तारांनी पाहिली. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज लंडनकडे नेण्यासाठी नॉर्विच ते टिलबरी अशी सुमारे 180 किलोमीटरची वाहिनी प्रस्तावित आहे. तिचे उंच मनोरे मिड सफोकच्या शेतांतून जाणार. हरित ऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाचे स्थानिक नेते या मनोऱ्यांना विरोध करू लागले, समुद्राखालून किंवा जमिनीखालून केबल नेण्याचे पर्याय मागू लागले, आणि विरोधकांना आयते कोलीत मिळाले. तरीही जुलै 2024 मध्ये, मिड सफोकचा काही भाग सामावणाऱ्या वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे ॲड्रियन रॅम्झी खासदार झाले. मतदारांना या भूमिकेत विसंगती दिसली नाही, किंवा दिसूनही ती खटकली नाही.

डिसेंबर 2024 मध्ये मजूर सरकारने श्वेतपत्रिका काढून इंग्लंडमधली काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुहेरी रचनाच मोडीत काढण्याचे जाहीर केले. सफोक काउंटीची मे 2025 ची निवडणूक त्यासाठी पुढे ढकलली गेली. हुजूर पक्षाच्या ताब्यातल्या काउंटी कौन्सिलने संपूर्ण सफोकसाठी एकच कौन्सिल सुचवली. ग्रीन मिड सफोक आणि मजूर इप्सविच यांच्यासह पाचही डिस्ट्रिक्ट व बरो कौन्सिलांनी तीन कौन्सिलांचा प्रस्ताव दिला. दोन्हींपैकी कोणत्याही प्रस्तावात 1974 मध्ये अस्तित्वात आलेली मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल उरत नव्हती.